पाटावरचा कीबोर्ड

१

ज्या दिवशी अख्खं सोलापूर आपापली हत्यारं पुसून पाटावर मांडतं आणि त्यांना हात लावत नाही, नेमका तोच दिवस बिराजदार सरांनी कामाला निवडला होता. खंडेनवमी. गल्लीतले यंत्रमाग बंद होते. साखर पेठेतल्या त्या घरात मागांची खटखट इतकी मुरलेली होती की सरांना ती ऐकू येत नसे. ती थांबली की मात्र ऐकू येई. आज सकाळपासून ती थांबलेली होती आणि सरांचं डोकं उठलं होतं.

शिवलिंगप्पा बिराजदार म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समधले डॉक्टरेट. अभियांत्रिकी महाविद्यालयात हयात गेली. निवृत्तीनंतर अक्कलकोट रस्त्यावरच्या एका धर्मादाय दवाखान्याचा सर्वर ते घरबसल्या, फुकट सांभाळत. त्या सर्वरला दवाखान्याची सगळी नोंद बांधलेली होती आणि रक्तपेढीच्या फ्रीजची घंटाही. फ्रीज गरम होऊ लागला की सर्वर घंटा वाजवायचा.

गेल्या महिन्यात वीज गेली. परत आली तेव्हा फ्रीजचा खटका पडलेला होता आणि सर्वर बंदच राहिला होता. घंटा वाजली नाही. रात्रभरात रक्ताच्या पिशव्या नासल्या.

वीज परत आल्यावर यंत्रानं आपणहून सुरू व्हायचं की बंद राहायचं, हे एका सेटिंगवर ठरतं. ते सेटिंग यंत्राच्या अगदी मुळाशी, फर्मवेअरमध्ये असतं. ते 'सुरू' असं आपण उन्हाळ्यातच करून ठेवलं होतं, हे सरांना लख्ख आठवत होतं. तपासलं तेव्हा ते 'बंद' निघालं.

दवाखान्याचे सचिव आबासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले होते, "राहू द्या सर. वयानुसार होतं असं."

त्या मऊपणानं सरांच्या अंगाची लाही झाली होती. शिवी दिली असती तर चाललं असतं. आबासाहेबांनी ही गोष्ट पुण्याला दिपालीच्या, म्हणजे सरांच्या मुलीच्या, कानावर घातली. दिपालीला आधीच सरांच्या हातून एकदा गॅस चालू राहिल्याचं कळलेलं. तिनं दसऱ्यानंतर मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. "बाबा, नुसतं दाखवून येऊ. आणि मग काही दिवस इकडेच राहा."

काही दिवस म्हणजे किती, हे सरांना कळत होतं. सेटिंग आपण केलं होतं, आणि ते यंत्रानंच पुसलं, एवढं सिद्ध झालं तर डोकं शाबूत आहे. नाही झालं, तर आबासाहेब खरे, दिपाली खरी. आज दवाखान्याचं कार्यालय बंद होतं, सर्वर कितीही वेळा बंद-चालू केला तरी कुणाचं अडणार नव्हतं. आज सोक्षमोक्ष लावायचा, असं सरांनी ठरवलं होतं.

२

जेवण झालं आणि विजयमालाबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन त्यांच्या खोलीत आल्या.

"अहो, तेवढा कंप्युटर बंद करा. कुंकू लावते आणि फूल ठेवते."

"आज काम आहे."

"आज कसलं काम? समोरच्या श्रीनिवासनं माग बंद ठेवलेत, त्याचं पोट आहे त्याच्यावर. तुम्हाला कोण पगार देतंय?"

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही हो. एक दिवस हात लावू नये, एवढंच म्हणते. उद्या काय ते—"

त्यांनी वाटीत बोट बुडवलं. सरांनी त्यांचा हात झटकला. जरा जास्तच जोरात झटकला. वाटी भिंतीवर आपटली. फरशीवर लाल-पिवळा सडा झाला.

विजयमालाबाईंनी वाकून वाटी उचलली आणि पदरानं पुसली.

"दिपाली म्हणते ते खोटं नाही," त्या दारातून म्हणाल्या. "विसरण्याचं मला काही नाही. माणूस विसरतो. पण तुमचा हा राग... त्याच्याबरोबर मला म्हातारपण काढायचंय."

मग स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्यानं वाजू लागली. सरांनी दार लोटलं. हात का झटकला आपण? माफी मागावी का? मागावी. पण आधी काम. माफीला काय, संध्याकाळ होती.

३

सर्वरच्या पोटात एक चिमुकलं दुसरं यंत्र असतं. मोठं यंत्र मेल्यासारखं पडलं असलं तरी ते जागं असतं. लांबून जोडायचं ते त्याला. एकदा जोडलं की दवाखान्यातल्या त्या बंद खोलीतला पडदा जसाच्या तसा साखर पेठेत दिसतो, आणि इथं दाबलेली कळ तिथं उमटते.

सरांनी जोडलं. सर्वर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या, इतकी स्मृती, इतक्या तबकड्या, आणि मग फर्मवेअरचा निळा पडदा आला. पासवर्ड मागितला. सरांनी तो आपल्या पद्धतीनं टाकला. म्हणजे शेवटचं अक्षर नीट पडलं की नाही ही शंका त्यांना नेहमी येई. म्हणून ते आणखी एकदा दाबत आणि मग जास्तीचं पुसत. पडद्यावर एक तारा जास्त उमटे आणि नाहीसा होई. आयुष्यभर कुलपंही ते अशीच ओढून बघत आले होते.

बाणाच्या कळेनं खाली आले. इथेही सवय तीच: हव्या ओळीच्या एक ओळ पुढं जायचं, मग मागं यायचं. 'वीज परत आल्यावर : बंद'. ते 'सुरू' केलं. जतन केलं. "नक्की?" असं यंत्रानं विचारलं. "नक्की," सर तोंडानं म्हणाले आणि कळ दाबली.

यंत्र पुन्हा उठलं. सर पुन्हा आत गेले.

'वीज परत आल्यावर : बंद'.

सरांनी चष्मा पुसला. कपाळावरची शीर उडू लागली. पुन्हा केलं. या खेपेला प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत केलं, लहान मुलाला शिकवावं तसं. 'सुरू'. जतन. नक्की.

यंत्र उठलं. सरकणाऱ्या ओळींमधली एक ओळ आता त्यांच्या डोळ्यांत अडकली. यंत्र उठताना आपल्याला काय काय जोडलेलं आहे ते मोजतं. तिथं लिहिलं होतं—

कीबोर्ड : दोन.

त्यात काही वावगं नव्हतं. लांबून जोडणाऱ्याचा कीबोर्ड यंत्र खऱ्या कीबोर्डासारखाच मोजतं. एक सरांचा, साखर पेठेतला. दुसरा त्या खोलीतला, सर्वरपुढच्या फळीवरचा. बरोबर दोन.

आत गेले. 'बंद'.

म्हणजे दुसऱ्या कीबोर्डावर कुणीतरी बसलंय. कुणीतरी मुद्दाम, आपल्याला वेडा ठरवायला, मागोमाग सगळं उलटं करतंय. सरांना एकदम हायसं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर संताप आला.

४

"हां सर, बोला की." बिरुदेव, दवाखान्याचा पहारेकरी. मागं कुठंतरी नारळ फुटल्याचा आवाज.

"सर्वरच्या खोलीत कोण मेलंय?"

"कोन न्हाय सर. कुलूप हाय. किल्ली माज्या कमरंला."

"खोटं बोलू नकोस. आत बसून कुणीतरी कीबोर्ड बडवतंय."

"कीबोर्ड?" बिरुदेव हसला. "कीबोर्ड तर हितं माज्या म्होरं पाटावर हाय की."

"पाटावर?"

"आज खंडेनवमी न्हवं का. दरसाल मांडतो. डॉक्टर लोकांच्या कात्र्या, बीपीचं यंत्र, सुताराची करवत, अन् मदोमद तुमचा कीबोर्ड. सर्वर पाटावर बसंना, म्हून कीबोर्ड. हळदकुकू लावून झेंडू घातलाय. लई झ्याक दिसायलाय. फोटू धाडू का?"

"वायर?"

"काडून, गुंडाळून मांडलाय सर. हत्याराला आज इसावा. उद्या सकाळी लावतो की परत."

"कुणाला विचारून काढलास रे? गाढवा, ते काय कोयता-कुऱ्हाड आहे?"

"तुमीच म्हनला हुता सर एकदा, माजं हत्यार ह्येच म्हून," बिरुदेव जरा दुखावून म्हणाला.

फोटो आला. पाट, रांगोळी, करवत. मधे कीबोर्ड, त्याची वायर फडक्यानं बांधलेली, शेंड्याला कुंकवाचं बोट.

सरांनी फोटो मोठा करून बघितला. हा कीबोर्ड दुसराच असेल. बिरुदेव कुणाला तरी सामील असेल. किंवा फोटो गेल्या वर्षीचा असेल. किंवा यंत्राचीच मोजण्यात चूक होत असेल, फर्मवेअर जुनं आहे, होतं असं. वर्गात ते सांगत, चूक शोधताना आधी स्वतःवर संशय घ्या. आयुष्यभर घेतला. आज मात्र तो घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

तोंडाला कोरड पडली होती.

"अगं, पाणी दे जरा," त्यांनी हाक मारली.

स्वयंपाकघरात तांब्या खणखणला, नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाला. कुणी आलं नाही. रुसलीय. रुसू दे. सर पडद्याकडे वळले, पुन्हा 'सुरू' केलं, जतन केलं आणि यंत्र उठल्यावर पुन्हा आत गेले.

५

निवडलेली ओळ दाखवणारी ठळक पट्टी आपोआप हलत होती.

सरांनी दोन्ही हात कीबोर्डावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. निळ्या पडद्यावर पट्टी सावकाश खाली उतरत होती. 'वीज परत आल्यावर' या ओळीवर आली. तिथं थांबली नाही. एक ओळ पुढं गेली. मग मागं आली.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

योगायोग. माणसं जातात एखादी ओळ पुढं. पट्टीनं 'सुरू'चं 'बंद' केलं. यंत्र पुन्हा उठलं. कीबोर्ड : दोन. पासवर्डाची चौकट आली आणि तिच्यात एकामागून एक तारे उमटू लागले. सर श्वास धरून बघत होते. शेवटी एक तारा जास्त उमटला. नाहीसा झाला.

"कोण आहेस तू?" सर ओरडले. त्यांच्या तोंडून आईची कानडी बाहेर पडली. रागात ती नेहमी बाहेर पडे. "यारो नीनु?"

पासवर्ड कुठं लिहून ठेवलेला नव्हता. तो त्यांच्या डोक्यात होता. आणि तो जास्तीचा तारा तर डोक्यातही नव्हता, तो बोटांत होता. तो कुणाला चोरता येणार?

दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर हे सगळं आपणच करतोय आणि करताना विसरतोय. त्यांनी मांडीवरचे हात पाहिले. हात जागेवर होते. दुसरी शक्यता त्यांनी मनातही पुरती मांडली नाही.

ते पट्टीवर तुटून पडले. पट्टी खाली गेली की त्यांनी वर ओढावी, वर गेली की खाली. टेबल हलू लागलं. "विजू!" त्यांनी हाक मारली. "विजू, इकडे ये, बघ हे! तुझ्या डोळ्यांनी बघ!" दाराबाहेर पावलं वाजली. अगदी दारापाशी आली. वर्तमानपत्राची घडी केल्यासारखी कागदाची सळसळ झाली आणि पावलं परत गेली.

"बहिरी झालीस काय?" सर किंचाळले.

त्या किंचाळण्यानं पलीकडे काहीतरी झालं असावं. पट्टी जागीच थांबली. जणू दुसऱ्या बाजूनं कुणी मान वर करून ऐकतंय.

मग ती पुन्हा निघाली. या खेपेला वेगळी. सरळ खाली आली आणि हव्या त्या ओळीवर नेमकी थांबली. पुढं नाही, मागं नाही. 'सुरू'. जतन. नक्की. पुन्हा पासवर्डाची चौकट. तारे एका लयीत उमटले, हवे तेवढेच. कसलीही शंका नसलेला हात होता तो. असा हात आपल्याला मिळावा म्हणून सरांनी आयुष्यभर काय काय केलं होतं.

सेटिंग 'सुरू'च राहिलं होतं. त्यांनी वरची कळ दाबली. काही झालं नाही. खालची दाबली. सगळ्या कळा तळहातानं दाबल्या. यंत्र अखेरचं उठलं, ओळी सरकल्या.

कीबोर्ड : एक.

६

बिरुदेवनं फोन उचलायला वेळ लावला.

"आत्ताच्या आत्ता त्या खोलीपाशी जा. फोन चालू ठेव. दार उघड आणि आत काय आहे ते मला सांग."

"कोन बोलतंय?"

"कोण म्हणजे? अरे मी! जा लवकर!"

चपलांचा आवाज. जिना. किल्ल्यांचा जुडगा. कुलूप निघाल्याचं सरांनी ऐकलं. दार करकरलं आणि मग सर्वरच्या पंख्यांची एकसुरी घरघर फोनमधून त्यांच्या कानात आली. तिच्यातून, अगदी स्पष्ट, कळा दाबल्याचा आवाज येत होता. टक, टक, टक.

"काय दिसतंय? बिरुदेव? बोल ना!"

बिरुदेव बोलला, पण फोनमध्ये नाही. त्याचा आवाज एकदम अदबीचा झाला होता. "नमस्कार सर. तुमी कवा आलासा? मला दिसलाच न्हाईसा. ... न्हाय न्हाय, चालू द्या की. च्या आनू का?"

"कुणाशी बोलतोस?" सरांचा आवाज चिरकला. "बिरुदेव! मी बिराजदार बोलतोय!"

"ओ," बिरुदेव आता फोनमध्ये म्हणाला, दबक्या आवाजात, चिडून. "गप बसा की. कवाधरनं बोंबलायलाय. बिराजदार सर हितं माज्या म्होरं बसल्यात."

"तो मी नाही!"

"बरं, न्हाय."

कळांचा आवाज थांबला. खुर्ची सरकली. आणि लांबून दुसरा एक आवाज आला. वर्गातल्या ध्वनिमुद्रणात सरांनी तो अनेकदा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्यांना तो परका वाटला होता. आजही परका वाटला. त्यात राग नव्हता.

"कोण आहे रे?"

"काय ठावं सर. कोनतरी लई तापलंय."

"असू दे," तो आवाज म्हणाला. "दमेल थोड्या वेळानं."

फोन बंद झाला.

७

सर खुर्चीतून उठायला गेले. उठलो असं त्यांना वाटलं. पण टेबल, पडदा, फरशीवरचं कुंकू, सगळं होतं तिथंच आणि तसंच दिसत होतं. वास्तविक उठल्यावर कुंकू आता लांबून दिसायला हवं होतं. त्यांनी ओरडायचं ठरवलं. ओरडले. ओरडता येत होतं. तेवढंच येत होतं.

बाहेर विजयमालाबाईंचा फोन वाजला.

"कोण, आयेशा? बोल गं." आयेशा म्हणजे रक्तपेढीची तंत्रज्ञ. विजयमालाबाई फोन नेहमी कानापासून लांब धरून मोठ्या आवाजात ऐकत. आयेशाचा शब्द न् शब्द दारातून आत येत होता.

"मॅडम, मुबारक! सरांनी स्वतः येऊन सगळं नीट केलं बघा. मेन स्विच पाडून दाखवला, परत लावला, सर्वर आपोआप सुरू! घंटा पण वाजली. आबासाहेब पण आलेले. सरांना म्हणाले, चुकलो सर, तुमचं डोकं आमच्यापेक्षा ताजं आहे."

"मग? भडकले असतील त्यांच्यावर."

"छे हो! हसले. म्हणाले, वयानुसार होतं असं. और आबासाहेब भी हंस पडे. आज सरका मूड क्या अच्छा है, मॅडम."

विजयमालाबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मलाही केला होता त्यांनी फोन आत्ता," मग त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "म्हणाले, दुपारी तुझा हात झटकला, मला माफ कर. चाळीस वर्षांत असं कधी म्हणाले नव्हते गं."

खोटं आहे, सर ओरडले. ते मी म्हणणार होतो. संध्याकाळी म्हणणार होतो. विजू, मीच म्हणणार होतो.

दार उघडलं. विजयमालाबाई केरसुणी आणि सुपली घेऊन आत आल्या. सरांच्या खुर्चीच्या दिशेनं त्यांनी एकदा पाहिलं आणि त्यांची नजर खुर्चीच्या पाठीवर, तिथल्या टॉवेलवर, जाऊन थांबली. टॉवेल त्यांनी उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. मग वाकून कुंकू झाडायला लागल्या. झाडताना त्या गुणगुणत होत्या.

सर संतापानं ओरडत होते. नावं घेत होते, शिव्या देत होते, मग नुसतं "विजू, विजू" करत होते. केरसुणी क्षणभर थांबली. विजयमालाबाईंनी मान वळवून ऐकल्यासारखं केलं. मग उठून त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. फाटकाची कडी निघाली.

"आलात?" केरसुणी तिथंच टाकून त्या बाहेर गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं.

त्या फटीतून सरांना ओटीचा एक तुकडा दिसत होता. एक पाठमोरा माणूस वाकून बुटाची नाडी सोडत होता. शांतपणे, एकाच ओढीत. पांढरा सदरा. मानेवरची ती सुरकुती त्यांनी कधी पाहिली नव्हती. स्वतःची मान कुणाला दिसते? विजयमालाबाईंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली. तो काहीतरी म्हणाला आणि त्या हसल्या. हसताना त्यांनी तोंडावर पदर धरला, नव्या नवरीसारखा.

मग तो सरळ झाला. मान थोडी कलती करून त्यानं ऐकलं. वळला मात्र नाही.

"आत काय आवाज येतोय गं?"

"कुठं? मला नाही बाई काही येत. माग बंद आहेत ना, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय."

"असेल," तो समजुतीनं म्हणाला. "तरी दार लावून घे. आणि बाहेरून कडी घाल."

विजयमालाबाई पदरानं हात पुसत दाराकडे आल्या.